कबूल, पण पगार किती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्याकडे निकाह लागायला फार वेळ लागत नाही. वधूची संमती घ्यायची, ठरलेला मेहर जाहीर करायचा, दोन साक्षीदारांसमोर नवऱ्या मुलानं 'कबूल' म्हणायचं, की झालं. खरा वेळ लागतो तो बिर्याणीला. माझ्या भाचीचा निकाह २०२४ च्या डिसेंबरात चिपळूणजवळच्या आमच्या गावी असाच लागला. मुलगा बर्मिंगहॅमचा, तिथंच जन्मलेला, ब्रिटिश नागरिक. त्याचे आजोबा जहाजावर खलाशी होते. रत्नागिरी सोडली आणि तिकडचेच झाले. दहा मिनिटांत नवरा-बायको झालेल्या या दोघांना एका छपराखाली यायला मात्र पुढचं जवळजवळ वर्ष लागलं. आज बोलायचं आहे ते त्या वर्षाबद्दल.

ब्रिटनचा नियम असा, की तिथल्या नागरिकाला परदेशातली बायको किंवा नवरा आणायचा तर त्याची स्वतःची वार्षिक मिळकत ठराविक रकमेच्या वर हवी. जुलै २०१२ मध्ये हा आकडा १८,६०० पौंड ठरला. एप्रिल २०२४ मध्ये तो एकदम २९,००० झाला. पुढे ३८,७०० पर्यंत नेण्याचा बेत होता, पण त्याच वर्षी सरकार बदललं आणि ती वाढ थांबवली गेली. आता हिशेब करू. एप्रिल २०२५ मध्ये तिथं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही खाडा नाही, तरी होतात २५,३९७. म्हणजे सरकारनंच ठरवलेल्या किमान मजुरीवर वर्षभर राबणारा माणूस सरकारच्याच लेखी बायको आणण्याच्या लायकीचा नाही!

आमचा जावई गोदामात काम करतो. त्यानं शनिवार-रविवार एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात दुसरं काम धरलं आणि दोन्हीकडच्या सहा-सहा महिन्यांच्या पगारपावत्या जमवल्या. माझी भाची इकडे शाळेत शिकवते. तिचा पगार या हिशेबात धरत नाहीत. संसार दोघांचा, पण अर्जात कमाई एकाचीच.

त्याशिवाय फी. २०२५ च्या दरानं अर्जाचे १,९३८ पौंड, आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे तीन वर्षांचा, म्हणजे ३,१०५. दोन्ही मिळून आपले साडेपाच लाखांहून अधिक रुपये झाले. अर्ज नामंजूर झाला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही. हा अधिभार २०१५ मध्ये वर्षाला २०० पौंडांवर सुरू झाला होता. तिकडे जाऊन ती नोकरी करू लागली की कर भरणार तो वेगळाच. शिवाय क्षयाची तपासणी आणि इंग्रजीची परीक्षा. इंग्रजी शिकवणाऱ्या मुलीनं इंग्रजीची परीक्षा दिली. असो.

या सगळ्यात माझ्या वाट्याला एक विचित्र काम आलं. नातं खरं आहे, याचा पुरावा लागतो. म्हणून दोघांच्या फोनवरच्या निरोपांचे कागद जोडायचे होते. निरोप आमच्या कोकणी बोलीतले, अर्ज मात्र इंग्रजीत. शेवटी शिक्का मुंबईच्या अनुवादकाचाच लागणार होता, पण त्याला ही बोली कळेना. घरात बी.ए. झालेला आणि शब्दांशी खेळणारा मी एकटा. भाची कागदांची चळत घेऊन आली आणि मान खाली घालून म्हणाली, "मामू, तुम्ही वाचू नका, नुसतं इंग्रजी करा." आम्ही दोघंही हसलो, पण मला आतून लाजल्यासारखं झालं. नवरा-बायकोचं बोलणं मामानं वाचावं, ही आमच्या घरातली रीत नाही. वाचलं तर त्यात होतं काय? "जेवलास का?", "पाऊस आहे का तिकडे?", "आज पाय फार दुखतात." मी प्रामाणिकपणे इंग्रजी केलं. 'जेवलास का' या प्रश्नाला किती अर्थ असतात हे कागदावर कसं उतरवणार?

तपासणी हवीच, हे मी मान्य करतो. आमच्या समाजात 'तिकडचा मुलगा' म्हटलं की आईबापांचे डोळे दिपतात. फोटोवर ठरलेली लग्नं आणि दबावाखाली दिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. खोटी लग्नंही होतात. पण खरेखोटेपणाचा पगाराशी काय संबंध? ४०,००० कमावणारा खोटं लग्न करू शकतो आणि २५,००० कमावणारा खरं. जोडीदार सरकारवर बोजा होईल म्हणावं, तर सरकारी मदत घ्यायची नाही ही अट व्हिसातच घातलेली असते.

या प्रश्नाला जुना इतिहास आहे. १९७९ च्या जानेवारीत हीथ्रो विमानतळावर आपल्या नियोजित पतीकडे आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यचाचणी केली गेली. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला आणि तो प्रकार बंद पडला. मग १९८० च्या दशकात लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरण्याचा नाही, हे अर्जदारानंच सिद्ध करायचं, असा नियम आला. तो १९९७ मध्ये रद्द झाला. आता नजर खिशावर आहे. २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या हिताचा पुरेसा विचार नाही म्हणून नियमांत दोष काढला, मिळकतीची अट मात्र तत्त्वतः उचलून धरली.

नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, हे कोकणाला नवं नाही. गिरणगावातल्या खोल्यांत चाकरमानी राहिले, बायका गावी भात लावत राहिल्या. माझे दोन चुलते आखातात होते. चाची त्यांच्या टपालाची वाट पाहत म्हातारी झाली. पण तेव्हा त्याला गरिबी म्हणत. चाचीच्या विरहाला कुणी कायद्यात कलम आणि दरपत्रक लावलं नव्हतं. आखातात तर परक्याच्या बायकोचा प्रश्न होता. इथं देश स्वतःच्याच नागरिकाला सांगतो आहे, की तुझा पगार कमी आहे, तू एकटा राहा.

भाचीचा व्हिसा आला. ती गेली. पण तो तेहतीस महिन्यांचाच आहे. मग पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा पगारपावत्या, आणि पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी आणखी एकदा. या खेपेला एकत्र राहत असल्याचा पुरावा लागेल. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी विचारलं, "कसं वाटतंय?" म्हणाली, "थंडी फार आहे, मामू. आणि विजेच्या बिलावर माझं नाव घालायला सांगितलंय. पहिलं बिल आलं की फाइलला लावते."