गॅस संपत नाही, गळतो

एप्रिल उजाडला की आम्हा एसी मेकॅनिकांचे फोन थांबत नाहीत. नाशिकची हवा थंड, असा एके काळी लौकिक होता. आता गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत भिंतीभिंतीवर आउटडोअर युनिटं टांगलेली दिसतात. फोनवरचं वाक्य मात्र ठरलेलं असतं : ‘एसीतला गॅस संपलाय, भरून द्या.’

गॅस संपत नसतो हो! स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्यासारखा तो जळून जात नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो; घरातली उष्णता घेतो, बाहेर नेऊन सोडतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. आणि गळतो तो बऱ्याचदा आम्ही घरी येऊन जोडलेल्या चार सांध्यांतून. दोन आतल्या युनिटचे, दोन बाहेरच्या.

दीड टनी एसीला साधारणपणे एक पाव इंची आणि एक अर्ध्या इंचाची तांब्याची नळी लागते. कटरनं कापल्यावर नळीचं तोंड खाली धरून आतली धार घासायची, म्हणजे कीस आत जात नाही. मग आधी नट नळीवर चढवायचा (हे विसरून मी किती फ्लेअर पुन्हा कापलेत, ते विचारू नका) आणि तोंड तुतारीसारखं ४५ अंशांत फुलवायचं. नट आधी हातानं फिरवायचा. नंतर दोन पाने घ्यायचे, एक धरायला, एक आवळायला.

किती आवळायचं, ही खरी गोम. नवशिका असताना मला वाटे, जितकं घट्ट तितकं पक्कं. कॉलेज रोडवरच्या एका आजोबांकडे मी पान्याला पाइप लावून नट आवळला. दुसऱ्या उन्हाळ्यात गॅस गेला. मी भरून दिला, पैसे घेतले. तिसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. तेव्हा कुठे साबणाचा फेस लावून पाहिलं, तर फ्लेअरला केसाएवढी चीर! चूक माझी आणि भुर्दंड आजोबांना, तोही दोनदा. पैसे परत केले. पण त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही.

सांधे जोडले तरी नळ्यांत हवा राहते आणि हवेत दमटपणा. तो तेलात मिसळला की आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसर आतून खराब होतो. पूर्वी आर-२२ च्या काळात थोडा गॅस सोडून हवा हाकलत. त्या गॅसनं ओझोनला धोका, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्यानं मागे पडतो आहे. आताच्या अनेक एसींत आर-३२ असतो. तो थोडासा ज्वलनशील आहे आणि कार्बन डायऑक्साइडच्या सहाशेहून अधिक पट उष्णता धरून ठेवतो. तो हवेत सोडायचा नाही. व्हॅक्यूम पंप वीसेक मिनिटं चालवायचा, बंद करून दहा मिनिटं थांबायचं. काटा जागचा हलला नाही, तरच व्हॉल्व्ह उघडायचे.

इथे नाशिकची एक गंमत. मुंबईत शिकून आलेला एक मुलगा पंप उघडून बसला होता. काटा तिथल्यासारखा ३० इंचांकडे जाईना, म्हणून पंपच बिघडला असं त्याला वाटलं. अरे बाबा, आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर! इथे हवेचा दाबच कमी, काटा २८ च्या आसपास थांबणार.

बसवायला येणाऱ्याकडे पंप नसेल, तर व्हॉल्व्ह उघडू देऊ नका. परवा इंदिरानगरच्या एका काकूंनी मला दारातच अडवलं, ‘पंप आणलाय का?’ तो खाली गाडीत राहिला होता. चार मजले उतरून घेऊन आलो.