सही

(वाशीम इथं वैद्यकीय विद्यार्थी आणि चळवळीतल्या पोरापोरींसमोर केलेलं भाषण)



आपल्या वस्तीतला पोरगा मेडिकलला लागला की पेढे वाटतात, बॅनर लागतो, माय रडते. लागू द्या बॅनर. पण मी आज पेढ्यांवर बोलायला आलेलो नाही. मी सहीवर बोलणार आहे.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. त्यात आपलं वाशीम आहे. शंभर जागा. आमच्या वेळी अकोला, यवतमाळ, नाहीतर नागपूर गाठावं लागे. इथली पहिली तुकडी साडेचार वर्षं शिकेल, वर्षभर इंटर्नशिप करेल आणि 2030 च्या आसपास बाहेर पडेल. त्यात आपली पोरं असतील. म्हणून आत्ताच बोलतो.

इंटर्न काय करतो? रक्त काढतो, टाके घालतो, रात्ररात्र कॅज्युअल्टीत उभा राहतो. पण स्वतःच्या सहीनं मृत्यूचा दाखला किंवा पोलीस केसचा कागद त्याला देता येत नाही. बारा महिने संपतात, कौन्सिलची कायम नोंदणी होते, बंधपत्राच्या वर्षासाठी तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात हजर होता. त्या दिवशी तुमची सही चालू होते. ज्ञान कालच्याइतकंच असतं, पण सहीला आजपासून किंमत असते. आणि किंमत आली की गिऱ्हाईक आलंच.

माझ्याकडं पहिल्याच महिन्यात आलं. एक शेतमजूर होता. थकलेली मजुरी मागितली म्हणून काठीनं मारलेला. हात सुजून टम्म. त्याच्या मागोमाग गावातली दोन वजनदार माणसं. "साहेब, किरकोळ लागलं हाये. साधं लेहून टाका. तुमाले बी इथंच राहाचं हाये." आणि तो मजूर कोपऱ्यातून विचारतो, "बसू का जी?" जखम त्याला, अन् खुर्चीची परवानगी त्यानं मागायची!

मी लिहिलं : एक्स-रे येईपर्यंत मत राखून ठेवत आहे. त्याला पुढं पाठवला. हाड मोडलेलं निघालं.

आता हे 'साधं' म्हणजे काय ते समजून घ्या. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 116 प्रमाणे हाड मोडलं, सांधा निखळला, दात पडला, तर दुखापत गंभीर. पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजचं काम करता आलं नाही, तरी गंभीर. जुन्या दंडविधानात हे वीस दिवस होते. साध्या दुखापतीचं कलम अदखलपात्र आहे. वरून अॅट्रॉसिटी लावली नाही, तर ठाण्यात एन. सी. करून माणसाला वाटेला लावतात. म्हणजे ठाण्याच्या आधी एक ठाणं असतं. ते दवाखान्यात असतं आणि तिथं तुम्ही बसलेले असता.

खैरलांजी आठवा. 29 सप्टेंबर 2006, भंडारा जिल्हा, भोतमांगे कुटुंबातले चार जण. पहिल्या शवविच्छेदनावर एवढे प्रश्न उठले की पुरलेले देह उकरून दुसऱ्यांदा तपासावे लागले. 2008 च्या निकालात अॅट्रॉसिटीचा कायदा लागला नाही. आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. पण पहिला कागद कसा लिहिला जातो, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत होतं?

आणि शवविच्छेदनगृहात कधी डोकावलात? 1836 साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्त या पंडितानं प्रेत चिरलं, तर ते धाडस म्हणून इतिहासात नोंदलं गेलं. आज कित्येक ठिकाणी चिरतो सफाई कामगार. डाक्तर दारात नाकाला रुमाल लावून उभा, आणि रिपोर्टवर सही डाक्तरची. ज्याच्या हातात सुरी त्याच्या जातीला सही नाही. कॉलेजात सगळे एकत्र प्रेतं चिरतात, नोकरीत येताच सुरी परत जातीकडं जाते. आपला डाक्तर तरी आत जाऊन स्वतः बघणार आहे की नाही?

म्हणून होणाऱ्या डाक्तरांना सांगतो. जखम सेंटिमीटरमध्ये मोजून लिहा. तपासणीची वेळ लिहा. कुणी मारलं, काय बोलून मारलं, ते रुग्णाच्या तोंडच्या शब्दांत उतरवा. मग सही करा. यात उपकार नाहीत, हे तुमचं काम आहे.

आणि चळवळीतल्या शहरी दोस्तांनो, मानोऱ्याच्या किंवा मालेगावच्या एखाद्या केंद्रात आपली एखादी मुलगी उद्या एकटी बसलेली असेल. समोर गाव, मागं बदलीची भीती. तिनं खरं लिहावं असं वाटत असेल, तर सत्काराची शाल ठेवा बाजूला. तिचा नंबर घ्या. ज्या रात्री गाव दारात येईल, त्या रात्री दहा जण तिच्या ओट्यावर जाऊन बसा. तेवढं जमतं का, बोला.