वकीलसाहेबांची साडेसाती



घोडेगावहून शनिशिंगणापूरकडे वळलं की शनिवारी रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. शनिदेवाला तेल वाहायला आलेल्या त्या गर्दीत काळा कोट घरी ठेवून आलेले वकीलही असतात. कुणाची झोप उडालेली, कुणाचं कामातून मन उडालेलं. घरचे म्हणतात, साडेसाती आहे, सोसायची. तेल जरूर वाहा. श्रद्धेशी माझा वाद नाही. पण नैराश्य हा आजार आहे आणि त्यासाठी साडेसात वर्षं थांबायचं नसतं. उदासपणा, कशातच गोडी न वाटणं, हे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं की डॉक्टर गाठायचा.

वकिलांमध्ये नैराश्य चटकन ओळखू येत नाही. ते रडत बसत नाहीत. बोर्डावर नाव पुकारलं की उभे राहतात, बोलतातही. पण घरी फाईल टेबलावर पडून असते, तिची दोरी सुटत नाही. कैफियतीची तारीख येते आणि पुन्हा मुदतीचा अर्ज जातो. अशिलाचा फोन वाजून वाजून बंद होतो. पहाटे तीनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही. बाररूममधला चहा टळतो, संध्याकाळी दारू जवळची वाटू लागते. सहकारी म्हणतात, आळशी झालाय. दिवसभर लोकांच्या वाटण्या, फारकती, जामीन अंगावर घ्यायचे आणि निकाल विरुद्ध गेला की बोलणीही खायची, याचा भार मनावर पडणारच. अमेरिकेत २०१६ साली सुमारे १२,८०० वकिलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात २८ टक्के जणांत नैराश्याची लक्षणं आढळली.

मग उपचार का घेत नाहीत? अशील तुटतील, सनद जाईल, ही भीती. नैराश्यावर उपचार घेतले म्हणून सनद काढून घ्यावी, असं १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये कुठंही नाही. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतं. पक्षकाराला कलमं समजावणाऱ्यांनी हे कलम स्वतःसाठी वाचावं.

शिंगणापूर ज्या तालुक्यात आहे, त्याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिची सुरुवात अर्जुनाच्या विषादानं होते. एवढ्या मोठ्या धनुर्धराला आपली अवस्था कृष्णापुढं बोलताना कमीपणा वाटला नाही.

म्हणून वकीलमित्रांनो, खचलेल्या सहकाऱ्याला ‘मन घट्ट कर’ म्हणू नका. ‘उद्याची तुझी तारीख मी सांभाळतो, तू डॉक्टरांकडे जा’ असं म्हणा. जमलं तर सोबत जा. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात. त्या मनानं बंद करू देऊ नका. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकू आली तर त्या माणसाला एकटं सोडू नका. आणि कुणाशी बोलावं हे सुचत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लिहून घ्या : १४४१६. रात्री-अपरात्री कधीही लावा. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.