शरीराचे माप आणि मूत्रपिंडाचे काम

टिळकवाडीतील ३० वर्षांचा, ९० किलो वजनाचा एखादा मल्ल आणि निपाणीत विड्या वळता वळता साठीला पोहोचलेली, ४० किलो वजनाची एखादी स्त्री, अशी दोन माणसे श्रोत्यांनी डोळ्यांसमोर आणावीत. दोघांच्याही रक्ततपासणीत क्रिएटिनिनचे प्रमाण शंभर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम निघाले. आकडा एकच, मग दोघांची मूत्रपिंडे सारखीच कार्यक्षम मानावीत काय?

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या नित्य व्यवहारातून निर्माण होणारा टाकाऊ पदार्थ होय. मूत्रपिंडे तो रक्तातून गाळून बाहेर टाकतात. मल्लाचे स्नायू भरदार, म्हणून आवक मोठी. तरीही रक्तात तो साचत नाही, याचा अर्थ निचरा जोमदार आहे. त्या स्त्रीच्या कृश देहात आवकच तुटपुंजी. तरीही पातळी तितकीच राहते, याचा अर्थ निचरा मंदावला आहे.

१९७६ साली कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट या संशोधकांनी याचे सोपे गणित मांडले. १४० मधून वय वजा करावे, बाकीला वजनाने गुणावे आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे. स्त्रियांसाठी उत्तराचे शेकडा ८५ धरावे. या रीतीने मल्लाची गाळण मिनिटाला सुमारे १३७ मिलिलिटर येते, तर त्या स्त्रीची अवघी ३८! हा अर्थात अंदाजच. अंगावर सूज वा मेद फार असेल, तर वजनही फसवते.

अलीकडच्या अहवालांत गाळणीचा आकडा १.७३ चौरस मीटर शरीरपृष्ठाच्या प्रमाणात दिलेला असतो. हे माप १९२८ साली अमेरिकेतील तरुण स्त्रीपुरुषांच्या सरासरीवरून रूढ झाले. पाच फूट उंचीच्या त्या स्त्रीच्या शरीराचे पृष्ठफळ मात्र सुमारे १.३ चौरस मीटरच भरेल. अशा देहाच्या अहवालात ६० हा आकडा असला, तरी प्रत्यक्ष गाळण ४५ च्या आसपासच असते. दोन माणसांची तुलना करताना पहिला आकडा उपयोगी; औषधाची मात्रा ठरवताना दुसऱ्याचा विचार हवा.

हा केवळ गणिताचा प्रश्न नाही. दिवसभर बसून कंबर धरली, की दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणल्या जातात. दुबळ्या मूत्रपिंडांना त्यांतील अनेक गोळ्या घातक ठरतात. आणि ‘अहवाल तर ठीक आहे’ या समाधानात ते दुबळेपण झाकले जाते. म्हणून तपासणीचा कागद वैद्यांपुढे ठेवताना वय, उंची आणि वजन हे तीन आकडेही सोबत द्यावेत. वजनकाटा आणि मोजपट्टी ही साधने साधी खरी. पण त्यांच्यावाचून रक्तातील आकड्याचा अर्थ पुरता लागत नाही.