शीतकक्षाचे शिबिर असे घ्यावे

(कृषी विज्ञान केंद्रांतील प्रशिक्षक व बचत गटांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शून्य ऊर्जा शीतकक्ष ही आपणास नवी गोष्ट नाही. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस तो विकसित केला. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. विटा, नदीची बारीक वाळू, बांबू, गवत आणि पाणी एवढ्यावर काम भागते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हा कक्ष गार राहतो. ओल्या विटांतून व वाळूतून पाण्याची वाफ होते आणि ती आतली उष्णता घेऊन जाते. कडक उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश सेल्सिअसने कमी राहू शकते. आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते.

असे असूनही, शिबिर झालेल्या गावात महिन्याने चक्कर मारली तर घरोघरी शीतकक्ष दिसतात असे नाही. संध्याकाळी तोडलेली मेथी सकाळपर्यंत सुकते आणि मागेल त्या भावाने द्यावी लागते, हे चालूच राहते. याचे कारण बहुधा शिबिरातच असते. तज्ज्ञ बोलतात, गवंडी बांधतो, लोक पाहतात, चहा घेऊन घरी जातात. काठावर बसून पोहणे येत नाही. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुद्दुचेरी येथे सुरू झाले, तेव्हापासून ‘करून शिका’ हेच या केंद्रांचे सूत्र आहे. म्हणून आज मी शीतकक्षाविषयी कमी आणि तो शिकवण्याविषयी जास्त बोलणार आहे.

माणसे थोडी, जागा त्यांचीच

एका शिबिरात बारा जण पुरेत. सहा-सहाचे दोन गट करावेत व प्रत्येक गटाने एक कक्ष बांधावा. एका कक्षाला सुमारे ४०० विटा लागतात. शिबिर सभागृहात न घेता भाजीपाला पिकविणाऱ्या शिबिरार्थींच्या अंगणात घ्यावे, म्हणजे बांधलेला कक्ष दुसऱ्या दिवसापासून वापरात येतो. जागा वारा खेळणारी व पाण्याजवळची असावी. विटा, वाळू आणि पाणी आदल्या दिवशीच आणून ठेवावे. सामान येईपर्यंत व्याख्यान लांबवले की शिबिराचा जीव गेलाच.

मापाच्या काठ्या

नवशिक्याच्या हाती टेप आणि कागद देऊ नये. चार मापे आधीच कापून ठेवावीत. तळाची लांबी १६५ सें.मी., रुंदी ११५ सें.मी. आणि भिंतीची उंची ६७.५ सें.मी. यांसाठी तीन काठ्या, आणि दोन भिंतींमधील ७.५ सें.मी. पोकळीसाठी लाकडी ठोकळा. प्रत्येक थरानंतर ठोकळा पोकळीतून सरकवून पाहावा. अडकला तर कोठे चुकले ते सांगावे लागत नाही, हातालाच कळते. शिबिर संपल्यावर ही मापे गावातच ठेवावीत.

प्रशिक्षकाने हात मागे बांधावेत

विटा सिमेंटविना कोरड्या रचाव्यात. चार थर झाले की उतरवाव्यात आणि माणसे बदलून पुन्हा रचाव्यात. प्रत्येकाच्या हातून निदान एक कोपरा उठला पाहिजे. वीट वाकडी बसली तर प्रशिक्षकाने ती स्वतः सरळ करू नये. “ठोकळा फिरवून बघा,” एवढेच म्हणावे. वेळ जास्त जातो, पण तो वाया जात नाही.

आणखी एक. पुष्कळ ठिकाणी पुरुष विटा रचतात आणि भगिनी पाण्याच्या कळशा आणतात. पुढे घरी या कक्षावर रोज दोन वेळा पाणी शिंपडायचे काम बहुधा भगिनींकडेच येते. मग विटा रचण्याचा आणि वाळू भरण्याचा पहिला मान त्यांचाच.

फरक डोळ्यांनी दिसावा

वाळू भिजवूनच पोकळीत भरावी. वर बांबू व गवताचे झाकण घालून तेही भिजवावे आणि कक्षावर छप्पर करावे. दोन्ही कक्ष दुपारपर्यंत तयार व्हावेत. मग एक तापमापक आत आणि एक बाहेर सावलीत ठेवावा व नोंद शिबिरार्थींनीच करावी. सारख्या वजनाच्या मेथीच्या दोन जुड्या घ्याव्यात. एक जाळीदार प्लॅस्टिक क्रेटमध्ये आत, दुसरी बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांसमोर दोन्ही तोलाव्यात. तराजू जे पटवतो, ते तासाभराच्या भाषणाने पटत नाही.

मर्यादाही सांगाव्यात

हवा कोरडी असेल तेथे हा कक्ष उत्तम चालतो. कोकणात भर पावसाळ्यात तोच अनुभव येणार नाही. कांदा यात ठेवू नये, त्याला कोरडी हवा लागते. भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये, बाष्पीभवन थांबते. शिबिरात किती बादल्या पाणी लागले ते मोजून सांगावे. ज्या घरी पिण्याचेच पाणी लांबून आणावे लागते, त्या घराला कक्ष बांधण्याचा आग्रह धरू नये. एका घराचे विटांचे पैसे फुकट गेले, तर सारी आळी पुढच्या चांगल्या गोष्टीलाही नाही म्हणते.

शेवटी, शिबिराचे यश हजेरीपटावर मोजू नये. पंधरा दिवसांनी त्या बारा घरी जावे. कक्ष बांधला का, वाळू ओली आहे का, आत माल आहे का, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. जेथे अडले असेल तेथे तासभर थांबून, त्यांच्याच हातून दुरुस्त करून घ्यावे. बारापैकी चार घरी ओली वाळू सापडली, तरी ते शिबिर शंभर सह्यांच्या हजेरीपटापेक्षा मोठे समजावे. ज्यांच्या घरी सापडली, त्यांनाच पुढच्या शिबिरात शिकवायला उभे करावे.