काळजी घेणारीला तास द्या

वर्षभराच्या कामाचा आढावा घेण्याची समाजकार्याच्या या परिषदेत रीत आहे. पण छापील अहवाल आपल्या हाती आहे, तो वाचून दाखवण्यात वेळ घालवत नाही. माझे एक जुने भांडण आहे, आणि ते आपल्या सगळ्यांशीच आहे.

आपण मुलांसाठी अंगणवाडी काढली, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र, रुग्णांसाठी दवाखाना. या सगळ्यांना तिथे नेणारी, आणणारी आणि बाहेर ताटकळणारी बाई मात्र यांतल्या एकाही सेवेची लाभार्थी नाही. केसपेपरवर ती फक्त 'नातेवाईक'. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कुणाची तरी काळजी घेतात आणि त्यासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटे देतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के, वेळ ७४ मिनिटे. स्वयंपाक, धुणीभांडी यात धरलेली नाहीत. कायद्याची नजरही तशीच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे, पण तो मिळायचा दिव्यांग व्यक्तीला. काळजी घेणारीच्या नावावर तिथेही काही नाही.

पैसे द्यावेत की सेवा, यावर या परिषदेत दरवर्षी आवाज चढतात. पैशाला माझा विरोध नाही. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात, ही लहान गोष्ट नव्हे. अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी केरळने महिना ६०० रुपयांची योजना आणली. तिथे निदान काळजी घेणारीची दखल तरी घेतली गेली. पण या रकमेत आजाऱ्याजवळ रोज चार तास बसणारे विश्वासाचे माणूस मिळत नाही. पैसे औषधांत आणि किराण्यात जातात, बाई तिथेच अडकलेली राहते. तिच्याकडे वेळच नाही, आणि तो वस्तीतल्या सार्वजनिक सेवेशिवाय कुणी देऊ शकत नाही.

कोलंबियाच्या बोगोता शहराने हे ओळखले. महापौर क्लाउदिया लोपेस यांच्या कारकिर्दीत, २०२०पासून, तिथे वस्तीवार काळजी-केंद्रे उभी राहिली. मूल किंवा वृद्ध प्रशिक्षित माणसाच्या स्वाधीन करायचे आणि त्याच वेळेत, त्याच ठिकाणी बाईने अर्धवट राहिलेली शाळा पुरी करायची, व्यायाम करायचा, वकिलाचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्यायचा. घरचे कपडेही तिथेच धुऊन मिळतात. बऱ्याच इमारती आणि सेवा आधीच होत्या. शहराने त्या पायी जाण्याच्या अंतरात एकत्र आणल्या आणि वेळा जुळवल्या. पुरुषांना काळजीचे काम शिकवणारे वर्गही काढले. २०२३मध्ये नगर परिषदेने ठराव करून ही व्यवस्था कायम केली, त्यामुळे ती एका महापौराची हौस उरली नाही.

अशी केंद्रे आपल्याकडेही हवीत. त्यावरचे आक्षेप ठाऊक आहेत. घरच्या मायेचा सरकार बाजार मांडेल, असे म्हणणाऱ्यांनी सांगावे की थकून चिडचिडी झालेल्या बाईकडून माया किती दिवस मिळणार? बायकांची सोय केली की पुरुष आणखी निवांत होतील, हा आक्षेप खरा वजनदार. पण घराघरांतले पुरुष बदलेपर्यंत आजच्या बाईने थांबावे, हा न्याय नव्हे. दोन्ही कामे एकदम करायला हवीत. जागा आणि पैसा कुठून आणायचा? मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यात आधार केंद्रांसाठी (आधार कार्डाच्या नव्हे, गरजूंना आधार देणाऱ्या) आरक्षणे आहेत. समाजमंदिरे आणि दुपारी मोकळ्या पडणाऱ्या अंगणवाड्या प्रत्येक शहरात आहेत. खर्च आहे तो माणसांचा, आणि तो टाळता येणार नाही: या केंद्रांत राबणाऱ्या बायकांना सेविका म्हणवून मानधनावर भागवले, तर एकीचा भार उचलून दुसरीच्या डोक्यावर ठेवल्यासारखे होईल. त्यांना पगारच हवा.

पुढची कामे थोडक्यात सांगतो. अशा केंद्रांसाठी प्रत्येक प्रभागाची पाहणी व्हावी, एखाद्या महापालिकेने अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्ष उघडावे, प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम आपण तयार करावा. तपशील समित्या ठरवतील. तोवर आपापल्या संस्थेच्या नोंदणी अर्जात एक प्रश्न वाढवा: या माणसाची काळजी कोण घेते, आणि तिला सुटी कधी मिळते? या रकान्याचे उत्तर कोरे राहिले, तर पुढच्या वर्षीच्या अहवालात ते तसेच छापा.