कबरींवरील दिवे



महोत्सवाच्या या सभेंत आम्हांस आमची एक चूक कबूल करावयाची आहे.

शरद ऋतूंत आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील घरांस उसंत नसते. सोयाबीनची कापणी व मळणी, हिंगोलीचा दसरा, मागोमाग दिवाळी. त्यांतच १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबरचा मृतांचा स्मरणदिन. गतवर्षीं ३१ ऑक्टोबरच्या सायंकाळीं गल्लींतील मुलें पुठ्ठ्याचे भुतांचे मुखवटे लावून, 'हॅलोविन' म्हणत आमच्या दाराशीं आलीं. आम्ही रागावलों. मुलें मान खालीं घालून परतलीं.

रात्रीं झोंप लागेना. तो शब्द तर आपल्याच घरचा! सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या, एवढाच त्याचा मूळ अर्थ. आम्हीं तो शिकविला नाहीं, म्हणून मुलें तो मोबाइलवरून शिकलीं.

स्मरणदिनीं आम्हीं त्यांस कबरस्तानांत नेलें. १९१५ सालीं, महायुद्ध चालू असतां, पंधरावे बेनेदिक्त यांनीं या दिवशीं प्रत्येक धर्मगुरूस तीन मिस्सा अर्पिण्याची मोकळीक दिली. त्यांतील एक सर्व मृतांसाठीं असते. ज्यांचें नांव पुसलें, ज्यांचे वारस पोटासाठीं पुण्यास गेले, अशा कबरींवर मुलांनीं मेणबत्त्या लाविल्या.

"फादर, हे कोण?" एकानें विचारिलें.

"ठाऊक नाहीं. पण तुझी प्रार्थना त्यांस पोहोंचते."

सर्वपित्री अमावास्येस पान वाढणाऱ्या शेजारच्या आजीबाई कुंपणापलीकडे हात जोडून उभ्या होत्या.

यंदा मुखवटे खुशाल आणा. मेणबत्त्या आणा, आणि विळेहि आणा, पावसानें गवत कमरेएवढें वाढलें आहे.